दिवाणाखालचे नऊ तास

मित्रांनो, माझी ओळख सांगितली की लोक नाक मुरडतात, म्हणून ते आधीच उरकून घेते. मी एक जुनी मशीन आहे, आणि माणसाच्या जखमेतली घाण ओढणं हे माझं काम आहे. दिसायला मी काही फार मोठी नाही. तुमच्या शाळेच्या डब्याच्या पिशवीत आरामात मावेन. एका अंगाला पारदर्शक बरणी, बरणीला लांब नळी आणि समोर तळहाताएवढा पडदा. जखमेत काळा स्पंज बसवायचा, वरून चिकट पातळ पापुद्रा लावून तोंड बंद करायचं, त्यात नळी खोवायची, की मग मी सुरू. दिवसभर हळूहळू ओढत राहायचं. पू, पाणी, नासकं रक्त, सगळं माझ्या बरणीत येऊन पडतं आणि आत जखमेच्या तळाशी ताजं लाल मांस धरू लागतं. ऐकून कसंसंच झालं ना? होऊ द्या. ज्याच्या छातीत हे साचतं त्याला कसं होत असेल, तेवढं मनात आणा.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. नागपूरला खोक्यात बसून आले तेव्हा मी नवी कोरी होते आणि थोडी शिष्टही होते. हृदयाची ऑपरेशनं होतात अशा एका दवाखान्यात माझी नेमणूक झाली. तिथलं माझं काम मला पहिल्याच महिन्यात कळून चुकलं. हृदयाचं ऑपरेशन करताना छातीचं मधलं हाड उभं कापावं लागतं. काम झालं की ते पोलादी तारांनी बांधून टाकतात. बहुतेकांचं हाड सांधतं, माणूस चालत घरी जातो. पण ज्यांच्या रक्तात साखर वाढलेली असते, त्यांच्या जखमेत जंतूंची चंगळ असते, आणि जखम भरायला मात्र अंगात जोर नसतो. मग टाके ओलसर होतात, एखाद्या कोपऱ्यातून पू येतो, खोकलं की छातीत हाड हाडावर वाजतं. अशा वेळी छाती पुन्हा उघडून सडलेलं साफ करतात आणि मला बोलावतात.

पहिली दोन-तीन वर्षं माझं फार कौतुक झालं. एका बाईची जखम मी पंचवीस दिवसांत भरत आणली. ती जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली होती की हिनं मला ओढून परत आणलं. दसऱ्याला सगळ्या यंत्रांना झेंडूची माळ घालत, तेव्हा शोभाताई माझ्या पडद्याला कुंकवाचं बोट लावायची. त्या कुंकवाचा एक ठिपका माझ्या बटणाच्या फटीत अजून बसलेला आहे. शोभाताई म्हणजे ड्रेसिंग करणारी सिस्टर. पन्नाशीची, ठेंगणी, चालताना चपला फटफट वाजवणारी. माझ्याशी बोलायची ती एकटीच.

पुढे माझ्याहून हलक्या, देखण्या मशिनी आल्या. त्या वॉर्डात बसल्या आणि मी कपाटात गेले. माझं कव्हर पिवळं पडलं, बॅटरी दमली. फेकून देणार होते म्हणे. शोभाताईनंच हट्ट धरला, म्हणाली, ओढ अजून चांगली आहे हिची. तेव्हापासून मी लोकांच्या घरोघर भाड्यानं जाते. पेशंटला दवाखान्यातून सोडतात, मी सोबत जाते, आणि दर दोन-तीन दिवसांनी शोभाताई येऊन स्पंज बदलते.

दवाखाना आणि घर यात फरक काय, ते तुम्हाला सांगते. दवाखान्यात मी वाजले की कोणी तरी धावतं. घरी मी वाजले की लोक आधी दार लावून घेतात.

आता मनोहररावांकडे येते. त्यांच्याबद्दल सांगायचं म्हणूनच मी तोंड उघडलं आहे.

मनोहरराव कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर काढली. मग हुडकेश्वरला दोन खोल्या आणि पुढे पडवी असं घर बांधलं. घरात बायको रंभाबाई आणि एकुलती मुलगी रितिका, ती जवळच्या शाळेत गणित शिकवायची. मनोहररावांना चौदा वर्षांपासून मधुमेह होता आणि त्या चौदा वर्षांत त्यांनी तो कधी मनावर घेतला नव्हता. शुगर काय, अर्ध्या नागपूरला आहे, असं म्हणायचे. बायपास झाला, घरी आले, आणि बाराव्या दिवशी बनियनला खालच्या बाजूला पिवळा डाग दिसला. रंभाबाईंनी तो दोनदा धुतला. तिसऱ्यांदा डाग वीतभर झाला तेव्हा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी खालचे टाके उघडले, दोन तारा काढल्या, खराब झालेलं हाड खरवडून टाकलं. माझी नळी त्यांच्या छातीला लागली ती त्या दिवशी. तीन आठवडे शिरेतून औषध गेलं, दिवसातून चारदा इन्सुलिन गेलं. मनोहरराव उशी छातीशी कवटाळून खोकायचे आणि मी ओढत राहायचे. पहिल्या आठवड्यात बरणीत जे आलं ते सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या आठवड्यात ते पातळ झालं, तिसऱ्या आठवड्यात नुसतं गुलाबी पाणी. साखर ताब्यात आली तशी जखमेचा तळ डाळिंबाच्या दाण्यांसारखा लाल आणि दाणेदार दिसू लागला. शोभाताई तर खूशच झाली. डॉक्टर म्हणाले, आता दहा दिवस घरी राहा, मशीन लावूनच राहा, आणि पुढच्या गुरुवारी या. छातीचाच एक स्नायू सरकवून जखम कायमची झाकून टाकू.

घरी सोडायला शोभाताई स्वतः आली. रंभाबाईंना समोर बसवून तिनं एकच गोष्ट चार वेळा सांगितली. मशीन बंद पडली किंवा करावी लागली तर जास्तीत जास्त दोन तास. त्याहून जास्त झालं तर बंद स्पंज जखमेत ठेवायचा नाही, कारण मग तो औषध नसतो, तो झाकण घातलेला उकिरडा असतो. आणि म्हणाली, "काकू, कितीही उशीर झाला असला तरी मला फोन करा. मी रागावणार नाही. येऊन स्पंज काढीन, धुईन, नवा बसवीन. बस, एवढंच."

मनोहररावांना ते चटकन समजलं. त्यांनी बायकोला आपल्या पद्धतीनं समजावलं. पट्ट्यावर भोंगा वाजला तर त्यांच्या हाताखालच्या कोणाला भोंगा बंद करायची परवानगी नव्हती. आधी वाजला कशानं ते शोधायचं, मग भोंग्याला हात लावायचा. एकतीस वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता, आणि हे ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. "हे बी तसंच आहे वं," ते म्हणाले, "वाजलं का आधी काहून वाजलं ते पाहायचं."

चांगलं चाललं होतं, मित्रांनो. अगदी देवाशपथ सांगते, चांगलं चाललं होतं. दिवाणाशेजारच्या स्टुलावर मी बसायचे, रितिका शाळेतून आली की आधी माझी बरणी पाहायची. इन्सुलिन फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीमागे ठेवलेलं असायचं. ते मागे का ठेवायचे, हे मला नंतर कळलं.

रितिकाचं लग्न जमवायचं चाललं होतं. आदल्या वर्षी एक स्थळ अगदी पक्कं होत आलं होतं. मग त्या लोकांना कोणाकडून तरी कळलं की मुलीच्या बापाला शुगर आहे. त्यांनी निरोप पाठवला की घराण्यात आजार असेल तर पुढे पोरीलाही होईल, आम्हाला नको. रंभाबाईंनी ते मनाला फार लावून घेतलं. तेव्हापासून त्या घरात शुगर हा शब्द हळू आवाजात बोलला जायचा. बायपास झाला हे लोकांना सांगितलं, तो लपवता येण्यासारखा नव्हताच. पण शुगर, पू, जखम, मी, हे सगळं घराच्या आत राहिलं.

गुरुवारच्या आधीचा रविवार. सावनेरहून मुलाकडचे येणार होते. दहाला येतो म्हणाले होते. साडेनऊला रंभाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्या बरणीत दोन बोटं गुलाबी पाणी होतं आणि मी नेहमीसारखी घुरघुरत होते. त्यांनी आधी माझ्यावर टॉवेल टाकून पाहिला. घुरघुर ऐकू येतच होती. शिवाय नळी मनोहररावांच्या सदऱ्याआडून दिसत होती.

"बंद करून टाकू का?" त्यांनी विचारलं. "पाहुणे काय म्हणतीन?"

मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना नियम माहीत होता. पट्टा, भोंगा, सगळं माहीत होतं. पण आतल्या खोलीत रितिका साडी नेसत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

"कर," ते म्हणाले. "दोन घंट्याचं तं काम आहे."

रंभाबाईंनी बटण दाबलं. नळीला चिमटा लावला, नळी माझ्यापासून सोडवली, तिचं टोक मनोहररावांच्या बनियनमध्ये खोचलं, आणि मला दिवाणाखाली सरकवलं. जुन्या चपला आणि बटाट्याचं पोतं यांच्या मध्ये मी जाऊन बसले. रितिका बाहेर आली तेव्हा तिनं स्टूल रिकामं पाहून विचारलं. आई म्हणाली, आत्ताच काढली, पाहुणे गेले की लगेच लावते. रितिकानं घड्याळाकडे पाहिलं, पण तेवढ्यात आईनं तिला चहाच्या कपबशा पुसायला धाडलं.

दहा वाजले, अकरा वाजले. पाहुणे आले साडेबाराला. म्हणजे येण्याआधीच माझे दोन तास संपले होते. मी दिवाणाखाली बसून ओरडू पाहत होते, पण बंद केलेल्या मशिनीला कुठला आवाज? मला दिसत होते नुसते पाय. मुलाचे बूट, त्याच्या वडिलांच्या कातडी चपला, आणि मुलाच्या आईचे, पार्वतीबाईंचे, सुजरे पाय. त्यांच्या उजव्या अंगठ्याला पांढरी पट्टी होती. पट्टीच्या कडेची कातडी काळपट आणि कोरडी होती. अहो, मी आयुष्यभर जखमाच पाहिल्या आहेत. तो पाय कोणत्या आजाराचा, हे मला एका नजरेत कळलं. वर मात्र त्या मोठ्यानं हसून मुलाच्या नोकरीचं सांगत होत्या.

जेवणाची पानं मांडली. मनोहररावांची सुईची वेळ झाली होती. इन्सुलिन मेथीच्या मागे होतं, आणि स्वयंपाकघरात पार्वतीबाई मदतीला उभ्या होत्या. रंभाबाईंनी फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मेथीची जुडी खसफसली आणि फ्रिज तसाच बंद झाला. तेवढ्यात ते सुजरे पाय पर्स घेऊन बाथरूमकडे गेले आणि चांगले दहा मिनिटांनी परत आले. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

जेवण झालं, गप्पा रंगल्या, मुलगा आणि मुलगी पडवीत जाऊन बोलून आले. दोघांनाही पसंत होतं, हे त्यांच्या चालीवरून मलासुद्धा खालून कळलं. मग आलं तोंड गोड करणं. पाहुण्यांनी संत्रा बर्फीचा डबा आणला होता. सोयरीक जुळताना गोडाला नाही म्हणायचं नसतं. म्हटलं तर अपशकुन, आणि इथे तर त्याहून मोठी भीती. पार्वतीबाईंनी एक बर्फी मनोहररावांना भरवली. त्यांनी खाल्ली. मुलाच्या वडिलांनी दुसरी दिली, तीही खाल्ली. मग मनोहररावांनी एक पार्वतीबाईंना दिली, आणि त्यांनीही खाल्ली. सगळे हसले. रंभाबाईंच्या आवाजात मी इतका आनंद कधी ऐकला नव्हता.

पाहुणे पाचला उठले. मग शेजारच्या दोघी काय झालं ते विचारायला आल्या. मला दिवाणाखालून काढलं तेव्हा साडेसहा वाजले होते. नऊ तास, मित्रांनो.

नळी लावली, बटण दाबलं आणि मी जीव खाऊन ओढायला लागले. काही येईना. नळीत रक्त वाळून गोळा बसला होता. मी वाजले. खूप वाजले. रंभाबाईंनी नळी हलवली, चोळली. मी वाजतच राहिले. रितिका स्वयंपाकघरातून विचारू लागली की काय झालं. तेव्हा रंभाबाईंनी माझ्या कपाळावरचं घंटीचं बटण दाबून माझा आवाज बंद केला. थोड्या वेळानं गोळा सुटला आणि बरणीत पाणी पडू लागलं. ते गुलाबी नव्हतं. "झालं सुरू," रंभाबाई म्हणाल्या आणि पदरानं कपाळ पुसलं.

मनोहररावांनी बरणीकडे पाहिलं. फोन तिथेच, दिवाणावर होता. शोभाताईचा नंबर रितिकानं मोठ्या अक्षरांत भिंतीवर चिकटवलेला होता. दोघांपैकी कोणीही तो लावला नाही. कारण शोभाताईला बोलवायचं म्हणजे काहून बंद केली ते सांगायचं. आणि परत दवाखान्यात नेलं, तर सावनेरला कळायला कितीसा वेळ लागतो?

सोमवारी शोभाताई ठरल्याप्रमाणे आली. चपला फटफट वाजवत, रितिकाचं ठरलं म्हणून आनंदानं बोलत. तिनं पापुद्रा सोलला. वास खोलीभर पसरला. लाल दाण्यांवर करड्या रंगाची साय धरली होती. बोटाला सुई टोचून साखर पाहिली तर ती चारशेच्या घरात.

"काकू, मशीन मधात बंद होती का?"

रंभाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नाई वं बाई," त्या म्हणाल्या. "बंद कायले करू?"

शोभाताईनं मनोहररावांकडे पाहिलं. एकतीस वर्षं भोंग्याला हात न लावणारा माणूस खिडकीबाहेर पाहून म्हणाला, "चालूच होती."

आता मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी कधी चालू होते आणि कधी बंद, हे सगळं माझ्या पोटात नोंदलेलं असतं. पडद्याखालचं शेवटचं बटण दाबून धरलं की ते दिसतं. शोभाताईला ते चांगलं माहीत होतं. त्या दिवशी तिनं ते दाबलं नाही. तिनं माणसांवर विश्वास ठेवला, आणि मी तिला त्याबद्दल दोष देऊ शकत नाही. पण एक बटण, शोभाताई. एकच बटण होतं गं.

तिनं जखम धुतली, डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला. शोभाताईनं सांगितलं, चालू होती म्हणतात. मग डॉक्टरांना वाटलं की जंतूच औषधाला दाद देत नसणार. नमुना पाठवा, दोन दिवसांनी रिपोर्ट आला की औषध बदलू, साखर आधी खाली आणा, असं ठरलं. मशीन नऊ तास बंद होती, वरून गोड खाल्लं, सुई चुकली, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्याच संध्याकाळी छाती उघडून साफ केली असती. हे नंतर, सगळं कळल्यावर, ते स्वतःच शोभाताईला बोलले.

बुधवारी सकाळी मनोहररावांना हुडहुडी भरली. दोन गोधड्या टाकल्या तरी दिवाण हलत होता. गाडी आली. मी रंभाबाईंच्या मांडीवर होते, नळी मनोहररावांच्या छातीला. कोराडीच्या राखेनं खरखरीत झालेला त्यांचा आवाज त्या दिवशी फार हळू झाला होता. गाडी मेडिकल चौकात अडकली असताना ते रंभाबाईंना म्हणाले, "भोंगा दाबला वं आपण."

तू दाबला असं नाही म्हणाले. आपण म्हणाले. रंभाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि तरीही दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी खरं सांगितलं नाही. आता सांगून काय होणार, असं त्यांना वाटलं असेल. किंवा सांगितलं तर आपणच नवऱ्याला मारलं असं होईल, ही भीती असेल. मला माणसांच्या छातीतलं एवढंच कळतं, जेवढं नळीतून येतं.

तिथे माझ्या जागी त्यांना दवाखान्यातली मोठी मशीन लावली. मला पिशवीत घालून रितिकाच्या हाती दिलं. गुरुवार आला. ज्या दिवशी जखम झाकायची होती, त्या दिवशी ती वरच्या तारेपर्यंत उघडावी लागली. जंतू रक्तात गेले होते. आधी मूत्रपिंडं थकली, मग बाकीचं. पुढच्या मंगळवारी दुपारी मनोहरराव गेले. मी तेव्हा हुडकेश्वरला, त्याच दिवाणाखाली, बटाट्याच्या पोत्याशेजारी होते. रितिका घरात शिरली आणि जमिनीवरच बसली, तेव्हा मला कळलं.

पाचव्या दिवशी शोभाताई मला न्यायला आली. घरात माणसं बसलेली होती. तिनं मला दिवाणाखालून ओढलं, मांडीवर घेतलं, धूळ पुसली आणि सवयीनं ते शेवटचं बटण दाबून धरलं. माझ्या पोटातलं सगळं पडद्यावर आलं. रविवार, साडेनऊ ते साडेसहा. तिनं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग मान वर करून रंभाबाईंकडे पाहिलं. रंभाबाईंना कळलं की हिला कळलं.  

तेवढ्यात सावनेरचे लोक भेटायला आले. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारणीनं चहा करून आणला होता. ती कप घेऊन पार्वतीबाईंसमोर वाकली, तेव्हा त्यांनी तिला हळूच थांबवलं.

"मले बिनासाखरेचा द्या बाई. बारा वर्षं झाले, शुगर आहे मले."

रंभाबाईंनी मान वर केली. "तुम्हाले?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तं बर्फी खाल्ली तुम्ही."

पार्वतीबाई ओशाळल्या. पायाची पट्टी लुगड्याखाली ओढून घेत म्हणाल्या, "जेवणाआधी तुमच्या बाथरूममध्ये जाऊन सुई घेतली होती मी. म्हटलं, पोरीकडचे काय म्हणतीन."

 रंभाबाई उठल्या. शोभाताईच्या मांडीवरून त्यांनी मला उचललं आणि सगळ्यांच्या मधोमध, चहाच्या कपांशेजारी आणून ठेवलं.

"हे यांच्या छातीले लावलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही येणार म्हणून मी बंद केलं. तुम्ही बसले होते ना दिवाणावर, त्याच्याच खाली होतं. यांची सुई बी फ्रिजमध्येच राहिली." आणि मग त्या माझ्याच अंगावर डोकं टेकवून रडल्या. पाच दिवसांत पहिल्यांदा. पार्वतीबाई खाली जमिनीवर त्यांच्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा चहा तसाच निवून गेला.

रितिकाचं लग्न झालं की नाही, मला माहीत नाही. मला त्याच संध्याकाळी शोभाताई घेऊन आली. पण निघताना रितिका दारात उभी राहून जे म्हणाली, ते मी ऐकलं.  शोभाताईला म्हणाली, "मी घड्याळ पाहिलं होतं, ताई. मी पाहिलं होतं आणि कपबशा पुसायला गेली."

आता मी आणखी जुनी झाले आहे. दुसऱ्या घरी पाठवण्याआधी माझ्या पोटातली जुनी नोंद पुसायची असते. शोभाताईनं ते नऊ तास पुसलेले नाहीत. नव्या घरी गेलं की ती मला खोलीच्या मधोमध, दारातून आल्याबरोबर दिसेन अशी ठेवते. घरच्यांना समोर बसवते, ते शेवटचं बटण दाबून धरते आणि त्यांना तो रविवार दाखवते. तुमच्या घरी कधी मी आले, मित्रांनो, तर माझ्यावर टॉवेल टाकू नका. पाहुण्यांना दिसू द्या मला. आणि मी वाजले तर माझं तोंड बंद करू नका, आधी मी काहून वाजते ते पाहा. चुकून बंद राहिलेच, तर लाज बाजूला ठेवून फोन करा. ती खरंच रागावत नाही.

परवा एका नव्या घरी बाईनं तो पडदा पाहून विचारलं की या माणसाचं पुढे काय झालं.  शोभाताईनं नळी जोडली, माझं बटण दाबलं आणि बरणीत पाणी पडू लागेपर्यंत तिथेच बसून राहिली.